न भेटलेल्या माणसांचे आभार

लिनक्स कर्नलवर, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर, काम करायला लागून मला फार काळ झालेला नाही. पुण्यात बसून जे काही शिकलो, ते बहुतांशी कधीच न भेटलेल्या माणसांकडून. त्यांचे जाहीर आभार मानायचे आहेत.

सगळ्यात आधी त्या अनोळखी टेस्टरचे. नव्या आवृत्तीत त्याचा जुना लॅपटॉप स्लीपमधून उठेना. नुसती तक्रार करून तो थांबला नाही, त्याने गिट बायसेक्ट चालवलं, म्हणजे बिघाड नेमक्या कोणत्या बदलामुळे आला ते शोधायचं साधन. दर ९-१० आठवड्यांनी येणाऱ्या एका आवृत्तीत साधारण दहा हजारांच्या वर बदल असतात. दर वेळी निम्मे बाद करत गेलं तरी १३-१४ वेळा कर्नल बिल्ड करायचं, रीबूट करायचं, तपासायचं. जुन्या मशीनवर यात दिवसच्या दिवस जातात. आणि त्याच्या वाट्याला काय? कमिटच्या, म्हणजे नोंदवलेल्या बदलाच्या, तळाशी ‘रिपोर्टेड-बाय’ आणि ‘टेस्टेड-बाय’ अशा दोन ओळी. त्या ओळी मी आता आवर्जून वाचतो.

मग माझा कोड तपासणाऱ्या त्या ज्येष्ठ रिव्ह्यूअरचे. प्रोसेसरच्या एका कोअरने मेमरीत ज्या क्रमाने लिहिलं, त्याच क्रमाने ते एक्स८६ प्रकारच्या प्रोसेसरवर दुसऱ्या कोअरला दिसतं. आर्म प्रकारच्या प्रोसेसरवर ही हमी नसते, म्हणून बॅरियर, म्हणजे क्रम पाळायला लावणारी सूचना, लागतो. हे त्यांनी मला टप्प्याटप्प्याने समजावलं, तेही स्वतःचं काम बाजूला ठेवून. आणि बॅरियर कशासाठी आहे ते शेजारी कॉमेंटमध्ये लिहायलाच लावलं.

डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्यांचेही आभार.

परवानगी विचारलेली नाही, म्हणून नावं देत नाही. वाचत असाल तर तुम्ही ओळखालच. मनापासून धन्यवाद.