बाबांच्या मॅसीला लोडर

भोसरी, पुणे
९ ऑगस्ट

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबांना राग येईल असं वाक्य एकच आहे, ते आधी लिहून मोकळी होते. आपल्या मॅसी १०३५ ट्रॅक्टरला बसवायला मी जुना फ्रंट लोडर, म्हणजे पुढून खत-माती उचलायच्या बाह्या आणि बकेट, घेतलाय. नुसता इसार दिलेला नाही, सगळे पैसे देऊन झालेत. येत्या शनिवारी तो पिकअपमधून तासगावला येईल. सोबत मी आणि इथले दोन फॅब्रिकेशनवाले.

विचारलं नाही, हे चुकलंच. पण विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते, "बघू दिवाळीनंतर." द्राक्षाची छाटणी ऑक्टोबरात, त्याआधी शेणखत बागेत पडायला हवं, आणि ट्रॉली भरायला माणूस मिळत नाही. विहिरीच्या वेळी "बघू" म्हणण्याचं काय झालं ते आपल्या तिघांनाही ठाऊक आहे. डॉक्टरांनी मणक्याचा फोटो दाखवून सांगितल्यावरही बाबा फावडं घेऊन उकिरड्यावर उभे असतात. आईने फोनवर ते सांगितलं नव्हतं. तिने फक्त "शेकायची पिशवी फुटली, नवी आण" एवढंच म्हटलं, त्यावरून मला कळलं. तर आई, त्याबद्दल तुला बोलणी बसू नयेत.

नवाच का नाही घेतला, हे बाबा विचारणारच. नवा निम्म्याने महाग पडतो आणि एवढ्या जुन्या ट्रॅक्टरला तयार ब्रॅकेट मिळतीलच असं नाही, म्हणजे फॅब्रिकेशन करावंच लागतं. मग आपल्याला हवा तसा सांगाडा बांधून जुन्या बाह्या वापरणं शहाणपणाचं. जुन्यात खोड असते ती बाह्यांच्या कोपऱ्यात, पिनांत आणि सिलिंडरच्या दांड्यांत. तिन्ही तपासल्यात. रंग खरवडून जोडांवर लाल औषध फवारायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, पुसून घ्यायचं आणि वरून पांढरी भुकटी मारायची. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. डाव्या बाहीच्या गुडघ्यावर उमटली, केसाएवढी, बोटभर लांब. ती ग्राइंडरने तळापर्यंत उकरली, सुकवलेल्या ७०१८ वेल्डिंग रॉडने भरली आणि वर ८ मिमीची पट्टी लावली. पट्टी शंकरपाळ्याच्या आकाराची आहे. सरळ चौकोनी लावली असती तर बाहीवर आडवं वेल्डिंग आलं असतं आणि पुढचा तडा तिथूनच गेला असता.

पिना ४० मिमीच्या होत्या, झिजून ३८.५ राहिल्या होत्या आणि भोकं अंड्यासारखी झाली होती. नव्या पिना ईएन-८ पोलादाच्या केल्या, भोकं बोअर करून आत बुश (धातूच्या नळ्या) ठोकले. सिलिंडरच्या एका दांड्यावर मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढा गंजाचा खड्डा होता. अशा दांड्याला कितीही नवं सील घाला, दर खेपेला खड्डा ते खरवडतो आणि महिन्याभरात तेल गळायला लागतं. म्हणून दांडाच नवा, हार्ड क्रोमचा. चारही सिलिंडरना सील किट नवीन.

आता बाबांची खरी भीती, जी ते बोलणार नाहीत: म्हाताऱ्या मॅसीचं कंबरडं मोडेल. भीती अगदी बरोबर आहे. मॅसीला वेगळी चासी नसतेच. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स, मागचं डिफरन्शियल, हे बिडाचे ठोकळे बोल्टांनी एकमेकांना जोडलेत, तेच तिचं अंग. बरेच जण लोडरचे खांब फक्त पुढच्या ब्रॅकेटला आणि क्लच हाउसिंगच्या बोल्टांना आवळतात. मग बकेट ढिगात घुसली की सगळा मार त्या एका सांध्यावर येतो. बोल्ट सैल होतात, आटे खातात, शेवटी बीड तडकतं. म्हणून आपण पूर्ण लांबीची सबफ्रेम केलीय. दोन्ही बाजूंना १२५ मिमीचं सी-चॅनल, पुढच्या ब्रॅकेटपासून थेट मागच्या ॲक्सल हाउसिंगपर्यंत. मागे २० मिमीचे यू-बोल्ट आणि मधे आडवा बांध. ट्रॅक्टरच्या बिडावर एक थेंबही वेल्डिंग होणार नाही. सांगाड्याचे भाग ट्रॅक्टरवर जागेवर धरून एकमेकांना टाक्यापुरतं वेल्डिंग करायचंय, त्याआधी बॅटरीच्या आणि अल्टरनेटरच्या वायरी काढायच्या, हेही त्या दोघांना बजावलंय.

बोल्ट सगळे ८.८ ग्रेडचे. १६ मिमीचे २०० न्यूटन-मीटरला, टॉर्क पान्याने. पहिले दहा तास चालल्यावर ते सगळे पुन्हा आवळायचे, कारण रंग आणि भोकाच्या कडेची बरी (कापताना राहिलेली धार) दबली की ते सैल पडतात. टॉर्क पाना मी तिथेच ठेवून जाईन. पाइप घालून, लोंबकळून आवळायचं नाही. हो, तुम्हीच, बाबा.

हायड्रॉलिकचं थोडं सविस्तर लिहिते, कारण "लिफ्टच्याच तेलावर चालव की" असं गावात दहा जण सांगतील. मॅसीचा लिफ्टचा, म्हणजे मागची अवजारं उचलणारा, पंप गिअरबॉक्सच्या मागे, तेलात बुडालेला, पीटीओच्या (अवजारांना फिरकी देणाऱ्या) शाफ्टवर. क्लच पूर्ण दाबला की तोही थांबतो. म्हणजे ढिगाजवळ क्लच दाबून बकेट उचलायला जावं तर बाही मधेच अडकणार. शिवाय तेच तेल गिअरांना जातं. लोडरच्या दांड्यांवर बसलेली धूळ सीलमधून आत गेली की थेट गिअरबॉक्समध्ये. त्यासाठी वेगळा गिअर पंप लावतोय, १६ सीसीचा, क्रँक पुलीवरून लव्हजॉय कपलिंगने (मधे रबर असलेल्या जोडाने). इंजिनच्या मिनिटाला १५०० फेऱ्यांना तो मिनिटाला साधारण २२ लिटर तेल देतो. उचलायचे दोन सिलिंडर ६३ मिमी बोअरचे, ५०० मिमी स्ट्रोकचे. दोन्ही भरायला ३.१ लिटर लागतं, म्हणजे खालून वर साडेआठ सेकंद. मोठा पंप घातला तर पाच सेकंदांत जाईल, पण इंजिनाची तेवढी ताकद खाईल आणि भरलेली बकेट हिसके देईल. मला घाई नकोय.

पंप आणि क्रँक एका रेषेत नसतील तर कपलिंगचं रबर आठवड्यात भुगा होतं आणि पाठोपाठ पंपाचं सील जातं. डायल गेज लावून ते मी स्वतः बघणार. टाकी ४० लिटरची, तेल ६८ नंबरचं हायड्रॉलिक, परतीच्या लाइनला फिल्टर. दाबाचे होस अर्धा इंची, डबल वायरचे. सिंगल वायरवाला अर्धा इंची १६० बारपर्यंतच चालतो, आणि ढिगाला धडक बसली की लाइनमधला दाब क्षणभर ठरवून दिलेल्या दाबाच्या वर उसळतो. पंप पहिल्यांदा चालू करण्याआधी त्याच्यात हाताने तेल भरायचं, मग इंजिन अगदी मंद ठेवून दोन्ही लिव्हर रिकाम्या बकेटने चार-पाच वेळा शेवटपर्यंत. टाकीतलं तेल ताकासारखं पांढरं फेसाळलं, पंप किंचाळला, तर तेल ओढायच्या (सक्शनच्या) पाइपला तो कुठेतरी हवा घेतोय. बंद करा आणि मला फोन करा. रात्र असली तरी.

दाब मी १२० बारलाच लावणार. सिलिंडर याहून जास्त उचलू शकतील, पण पुढचा ॲक्सल सोसणार नाही. बाबा, हा पहारीचाच हिशोब आहे. पुढच्या आणि मागच्या चाकात अंतर सुमारे ६ फूट. बकेटचा भार पुढच्या ॲक्सलच्या ४ फूट पुढे. बकेटमध्ये ४०० किलो माल घेतला तर पुढच्या ॲक्सलवर ४०० नाही, ६६७ किलो वाढतात आणि मागची चाकं २६७ किलोंनी हलकी होतात. ब्रेक मागच्याच चाकांना. हलक्या चाकांवर ब्रेक लागत नाही, आणि उतारावर तर ट्रॅक्टर नाकावर येतो.

म्हणून मागे वजन हवंच. २०० लिटरच्या पत्र्याच्या पिंपात काँक्रीट भरलं की पावणेपाचशे-पाचशे किलो होतं. आरपार ४० मिमीचा गज, त्याची टोकं ट्रॅक्टरच्या लिफ्टच्या खालच्या लिंकच्या (दांड्यांच्या) भोकाइतकी लेथवर उतरवलेली, वर टॉप लिंकला कान. दीड गोणी सिमेंट लागेल. मागच्या ॲक्सलपासून ३ फुटांवर ४८० किलोचं पिंप टांगलं की पुढचे २४० किलो उतरतात आणि मागे ७२० चढतात. आई, तुझं न्हाणीघरामागचं पिंप घेतलेलं नाही. भंगारातून दुसरं आणलंय. काँक्रीट भरून आठवडा होईल, तोवर त्यावर सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी शिंपडायला मात्र तुलाच सांगणार आहे. मागच्या टायरांत पाणीही भरून घेऊ, पाऊण टायर. पुढचे ६.००-१६ टायर ८ प्लायचे नवीन टाकतोय. ७.५०-१६ टाका असं कोणी म्हणेल, त्याला रिम बदलावी लागते. पुढच्या चाकांचे बेअरिंग आणि किंगपिनचे (चाक ज्यावर वळतं त्या खुंट्याचे) बुश शनिवारीच उघडून बघणार, कारण सगळ्यात आधी तेच बोलतात.

शेणखत हलकं असतं. आपली बकेट पाव घनमीटरची, त्यात कुजलेलं खत पावणेदोनशे किलोच्या आसपास बसतं. काठोकाठ भरा, हरकत नाही. ओली काळी माती मात्र तेवढ्यात चारशेच्या वर जाते. माती अर्धी बकेट. दगड अजिबात नाही. जुन्या ट्रॅक्टरला डोक्यावर लोखंडी चौकट नसते, आणि उंच उचललेल्या बकेटमधून दगड मागे घरंगळला तर बाहीवरून सरळ सीटवर येतो. बागेत लोडर न्यायचाच नाही. ओळीत तो वळणार नाही आणि एका तारेला लागला तर मांडव ओढून आणेल. त्याचं काम उकिरडा ते ट्रॉली एवढंच.

आता मी तुम्हाला सुखाच्या गोष्टी सांगते. दोन्ही लिव्हर सीटच्या उजव्या हाताला, मांडीच्या उंचीवर, कोपर टेकवून चालतील अशा. मागे वळून बघायला लागत नाही, कंबर पिळवटत नाही. सीटखालची स्प्रिंग बदलतेय आणि जाड गादी आणतेय. चढायची पायरी डाव्या बाजूला एक वाढवलीय, कारण सबफ्रेममुळे जुनी पायरी आत गेली असती. डिपस्टिक, डिझेल फिल्टर, क्लच पेडल, सगळ्यांना हात-पाय पोचतील हे मापून घेतलंय. काही सांगाडे असे असतात की ऑइल फिल्टर काढायला आधी लोडर उतरवावा लागतो. मडगार्ड तेच राहणार, बाबा. उजव्या मडगार्डवर टॉवेलाची चौघडी घालून तुम्ही मला बसवायचात आणि तिठा आला की माझा फ्रॉक मुठीत धरायचात, ती जागा कोणी कापणार नाही. आधीच बजावलंय.

आणि आता एक गोष्ट जपून लिहिते. भरायच्या दिवशी लोडरवर बापू बसेल. तुम्हाला जमणार नाही म्हणून नाही. आपलं स्टेअरिंग साधं आहे, भरल्या बकेटने ते जड होतं आणि तुमच्या खांद्याला झेपेल असं मला वाटत नाही. पॉवर स्टेअरिंग पुढच्या वर्षी करू, मग बसा. तोवर तुम्ही बापूला शिकवायचं. उभ्या ट्रॅक्टरवर स्टेअरिंग फिरवायचं नाही, किंचित चालवत फिरवायचं. भरली बकेट जमिनीपासून हातभर, पहिला गिअर, वर उचलायची ती ट्रॉलीच्या फाळक्याशी पोचल्यावरच. वर आपल्या बांधावरून महावितरणची तार गेलीय, तिच्या खाली बाही वर न्यायची नाही, ढीगही तिथून हलवायचा.

बाहीखाली कोणी जायचं नाही. ग्रीस मारायला जायचं असेल तर आधी बाही खाली टेकवा, नाहीतर सिलिंडरवर लोखंडी टेकू चढवा. टेकू लाल रंगवलाय, दिसेल. उतरताना बकेट जमिनीवर, इंजिन बंद, मग दोन्ही लिव्हर एकदा हलवून लाइनमधला दाब सोडायचा. आणि आई, हे तू वाच, बाबा वाचणार नाहीत: होस गळतोय का ते बोटाने चाचपायचं नाही. पुठ्ठा फिरवायचा. सुईएवढ्या भोकातून येणारं तेल कातडीत घुसतं, वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, दुखतही नाही. हळद लावून बसायचं नाही, सरळ सांगलीला मोठ्या दवाखान्यात, तासाच्या आत, आणि तिथे सांगायचं की दाबाचं तेल आत गेलंय.

कागदपत्रांचं मी बघतेय. मोटार वाहन कायद्याचं ५२ कलम आहे, नोंदणीतल्या तपशिलात बसणार नाही असा फेरफार परस्पर करता येत नाही. लोडर पिना आणि होसचे कपलर काढून उतरेल असा केलाय. तरी आरटीओत विचारून आणि विमेवाल्यांना लेखी कळवूनच काम सुरू होईल. त्यांचं उत्तर येईपर्यंत तो घेऊन रस्त्यावर जायचं नाही, चक्कीपर्यंतसुद्धा.

शनिवारी आम्ही तिघं दुपारी दोनपर्यंत पोचू. आई, स्वयंपाकाचा घाट घालू नकोस, भाकरी आणि ठेचा पुष्कळ झाला. खटखट दोन दिवस होईल, तुझी दुपारची झोप जाईल, तेवढं सोस. रात्री आठनंतर ग्राइंडर लावू देणार नाही.

बाबा, एक काम. शेडच्या दाराची उंची मोजून कळवा. फरशीपासून वरच्या अँगलपर्यंत, टेपने, वितीने नको. बाही खाली टेकलेली असताना खांब बॉनेटच्या वर किती येतात ते मला इथून कळतं, पण दार नाही कळत.

तुमची,
माई

ता. क. शेकायची पिशवी दोन घेतल्यात. एक आईच्या गुडघ्यासाठी. ती वाटून घ्यायची नाही.