पानवलच्या पुलाखाली भेटलेल्या काकू आणि त्या दोन पोरांना थँक्यू

रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा पूल खालून बघायचा हा बाबांचा जुना हट्ट. कोकण रेल्वेवरचा सगळ्यात उंच पूल, ६४ मीटर, लांबी ४२४ मीटर, पण गाडीत बसून गेलं की काही कळतच नाही. उतरताना सुक्या पाल्यावरून बाबांचा पाय सटकला, घोटा टम्म सुजला आणि मोबाईलला रेंज नाही.

डोक्यावर भारा घेऊन चाललेल्या एक काकू थांबल्या, भारा तिथेच टाकला, जुन्या लुगड्याची पट्टी फाडून घोटा बांधला आणि वाडीकडे हाक मारली तर दोन पोरं घरातली प्लास्टिकची खुर्चीच घेऊन आली. बाबांना त्यात बसवून चढावरून रस्त्यापर्यंत उचलून आणलं, आणि बाबा काही हलके नाहीत हो! मधेच वरून गाडी आली तर पोरांनी खुर्ची खाली टेकवून पुलाकडे फिरवली, म्हणाले, "बघा आजोबा निवांत, मग जाऊ." बाबा अजून सगळ्यांना हेच सांगतायत.

पैसे घेतले नाहीत, उलट कोकम सरबत पाजलं. नावं विचारली तर नुसते हसले.

फ्रॅक्चर नाहीये. खूप खूप आभार तुमचे. आणि खुर्चीचा पाय तडकलाय ते बघितलं मी, नवीन घेऊन येतोय, नाही म्हणू नका.