बार्शी लाईटचं इंजिन उलगडून दाखवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

बार्शी लाईट या आपल्या छोट्या रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांवरचा माझा लेख परवा पूर्ण झाला. तुमच्याशिवाय तो झालाच नसता, हे चारचौघांत सांगायचं होतं, म्हणून हे पत्र उघड लिहितोय.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने आखलेली कुर्डुवाडी–बार्शी लाईन 1897 साली सुरू झाली. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, अडीच फूट, रूळ यार्डाला अवघे 30 पौंड वजनाचे, इंजिनं इंग्लंडातल्या लीड्सच्या किटसन कंपनीची. एवढी माहिती पुस्तकांत होती. पण इतक्या हलक्या रुळांवर जवळपास 30 टनांचं इंजिन चालायचं कसं, हे वाचून काही डोक्यात शिरेना. तुम्ही ओसरीवर खडूने सहा ॲक्सल, म्हणजे चाकांच्या जोड्यांचे आस, काढलेत. पुढचे चार ओढणाऱ्या चाकांचे, मागचे दोन नुसता भार वाहणाऱ्या बोगीचे. म्हणालात, "एका ॲक्सलवर पाच टनांच्या वर नाही. आता तूच कर हिशोब." झाला हिशोब! वाघिणींना, म्हणजे मालाच्या डब्यांनाही, पाच टनांचाच नियम. स्वस्तातल्या रुळांवरून भरपूर माल नेण्याची कॅलथ्रॉपची सगळी किमया त्या खडूच्या रेघांत होती. पुढे 1904 साली इंग्लंडात लीक–मॅनिफोल्ड ही त्याच गेजची लाईन झाली, तिचा इंजिनिअरही कॅलथ्रॉपच आणि इंजिनंही किटसनचीच. म्हणजे आपल्या बार्शीत सिद्ध झालेली गोष्ट साहेबाच्या देशात गेली. हे लिहिताना मला फार अभिमान वाटला.

आणि ते स्टे-बोल्ट! फायरबॉक्सचा, म्हणजे इंजिनात आग पेटते त्या पेटीचा, आतला आणि बाहेरचा पत्रा वाफेच्या दाबाने फाकू नये म्हणून शेकडो बोल्ट दोन्ही पत्रे धरून ठेवतात, एक तुटला की त्याचा भार शेजारच्यांवर येतो, हे मी वाचलं होतं. तुटलेला ओळखायचा कसा, ते तुम्ही दाखवलंत. पाना उचलून खिडकीच्या गजांवर टकटक केलीत. घट्ट बसलेला गज खणखणला, सैल झालेला भद्द वाजला. "बॉयलरला असंच ऐकायचं," म्हणालात. मग मलाही वाजवायला लावलंत, कान तयार होईपर्यंत.

लाईन 1906 ला पंढरपूरला पोचली, 1911 ला लातूरला, 1927 ला मिरजेला. कंपनी लंडनची, इंजिनं विलायती. सरकारने लाईन विकत घेतली ती 1954 मध्ये. या इतिहासात कॅलथ्रॉप आणि किटसन यांची नावं आहेत आणि ती असायलाच हवीत. पण लीड्सला बांधलेलं इंजिन दुरुस्तीला काही लीड्सला जात नव्हतं. ते इथल्या फिटरांच्या आणि रेल्वेच्या खलाशांच्या, म्हणजे मदतनीस कामगारांच्या, हातांवर आणि कानांवर चाललं. लेखातला सर्वांत मोठा भाग आता त्यांच्यावर आहे. तो लिहायचं बळ तुमच्यामुळे आलं.

या वयात, गुडघे दुखत असतानाही तुम्ही दुपारच्या दुपारी मला दिल्यात. काकूंनी दर वेळी जेवल्याशिवाय सोडलं नाही. त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

लेखाची मोठ्या अक्षरांतली प्रत पोस्टाने पाठवली आहे. बॉयलरमध्ये पाणी ढकलणाऱ्या इंजेक्टरच्या परिच्छेदावर निःसंकोच पेन्सिल चालवा. दिवाळीनंतर कुर्डुवाडीला येतो, तेव्हा तेवढं नीट समजून घेईन.

आपला,
एक बार्शीकर