वॉकी-टॉकीवरच्या ‘एसओएस’ बटणाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: चार वॉकी-टॉकी संच परत घेऊन पूर्ण रक्कम मिळण्याबाबत

महोदय,

दिवाळीत सातपुड्यातल्या अस्तंबा डोंगरावर भरणाऱ्या यात्रेत स्वयंसेवकांच्या हाती देण्यासाठी शहाद्याच्या आमच्या ट्रेकिंग गटाने आपल्याकडून चार संच घेतले, एकूण ११,६०० रुपयांना. खोक्यावर ठळक छापले आहे: ‘रेंज १० किमी’, ‘लायसन्सची गरज नाही’, ‘एसओएस: संकटात तत्काळ मदत’. तिन्ही दावे खोटे आहेत आणि तिसरा जिवावर बेतणारा आहे.

नारिंगी बटण दोन सेकंद दाबले की संच भोंग्यासारखा कोकलतो आणि तोच आवाज त्या चॅनेलवरच्या बाकीच्या तीन संचांत वाजतो. बस्स, एवढेच. ११२ ला फोन लागत नाही, उपग्रहाशी संबंध नाही, आणि संचात जीपीएसच नसल्याने ठिकाणही कळत नाही. उलट भोंगा चालू असेपर्यंत चॅनेल अडून राहतो. पडलेला माणूस कुठल्या नाल्यात आहे हे त्याला विचारताही येत नाही. बटण दाबले म्हणजे निरोप पोचला, असे समजून तो तिथेच वाट बघत राहील.

दहा किलोमीटरचा आकडा कुठून आला तेही कळते. दीड मीटर उंचीवर धरलेल्या दोन संचांमध्ये मोकळ्या सपाटीवर क्षितिज आड येईपर्यंत साधारण तेवढे अंतर भरते. सातपुड्यात क्षितिजाच्या कितीतरी आधी डोंगराची सोंड आड येते. तोरणमाळला एक संच सीताखाईच्या कड्यावर आणि दुसरा खाली सोंडेमागे ठेवून पाहिला. मधे दीड किलोमीटरही नव्हते, तरी नुसती खरखर. अशा जागी माथ्यावर तिसरा माणूस उभा करून निरोप पुढे द्यावा लागतो. माहितीपुस्तिकेत ही एक ओळ हवी होती.

लायसन्सचे म्हणाल, तर भारतात अशा संचांना सूट आहे ती ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात. आपल्या संचाचा चॅनेल १ फ्रिक्वेन्सी काउंटरवर (लहरींची वारंवारता मोजणाऱ्या यंत्रावर) ४६२.५६२५ मेगाहर्ट्झ दाखवतो. तो अमेरिकेतल्या एफआरएस या वॉकी-टॉकी सेवेचा चॅनेल आहे. खोक्यावर ईटीए, म्हणजे उपकरणाला मिळालेल्या सरकारी मंजुरीचा क्रमांकही नाही. म्हणजे कायदा आम्ही मोडायचा आणि नफा आपण घ्यायचा.

फोनवर तक्रार केली तेव्हा आपल्या प्रतिनिधीने ‘मग सॅटेलाइट मेसेंजर (उपग्रहामार्फत निरोप पाठवणारे उपकरण) घ्या, परदेशातून मागवून देतो’ असे सुचवले. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असे उपकरण जवळ बाळगल्याबद्दल भारतात परदेशी पर्यटकांनाही अटक झाली आहे. असा सल्ला कृपया कोणालाही देऊ नका.

आमच्या मागण्या: चारही संचांची पूर्ण रक्कम परत द्यावी. उरलेल्या मालाच्या खोक्यांवरून ‘एसओएस’ आणि ‘लायसन्सची गरज नाही’ हे शब्द काढावेत. विकल्या गेलेल्या संचांच्या ग्राहकांना हे बटण बाहेर कुठेही निरोप पाठवत नाही, असे मेसेजने कळवावे. तिसरी मागणी आम्हाला पैशांपेक्षा महत्त्वाची आहे, कारण यात्रेकरू रात्री डोंगर चढतात आणि बऱ्याच पाड्यांवर मोबाइलला रेंज नसते.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवू. बिलाची प्रत, खोक्याचे फोटो आणि काउंटरच्या आकड्याचा फोटो सोबत जोडला आहे.

आपले,
ट्रेकिंग गटातर्फे, शहादा, जि. नंदुरबार