नकाशावरची कोरी जागा

दक्षिण आफ्रिका,
मार्च महिना

ती. आईस,
सा. न.

परवा फोनवर तू विचारलंस, "उपग्रहातून सगळं दिसतं ना, मग उन्हातान्हात जंगलात कशाला फिरतेस?" तेवढ्यात रेंज गेली, म्हणून आज सविस्तर लिहिते.

उपग्रहातून पुष्कळ दिसतं. सेंटिनेल-२ या युरोपच्या उपग्रहांची चित्रं आम्ही रोज वापरतो. वणवा कुठवर आला, कुठला पाणवठा आटला, हे त्यांत कळतं. पण त्या चित्रातला बारीकात बारीक चौकोन १० मीटरचा. अख्खा गेंडा त्यात मावतो नि दिसत नाही! मग चोरट्या शिकाऱ्यांनी झुडपात लावलेला तारेचा फास कुठून दिसणार? मागच्या आठवड्यात मी पहिल्यांदा तो जवळून पाहिला. गंजून गवताच्या रंगाची झालेली तार, सरकती गाठ, हरणाच्या मानेच्या उंचीवर टांगलेली. मी तर त्याच्या शेजारून पुढे निघून गेले होते. मागच्या रेंजरने हाक मारली म्हणून कळलं.

फास मिळाला की रेंजर हातातल्या यंत्रावरच्या चित्राला बोट लावतो, जागा आणि वेळ आपोआप नोंदली जाते. ही चित्रांची युक्ती याच देशातली. लुई लिबेनबर्ग यांनी १९९०च्या दशकात सायबरट्रॅकर नावाचं नोंदी करायचं सॉफ्टवेअर तयार केलं, ते जनावरांचा माग काढणाऱ्या माणसांसाठी. त्यांतल्या कितीतरी जणांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण जनावर कधी गेलं, कुठे चरलं, हे ते जमिनीकडे बघून सांगत. शब्दांच्या जागी चित्रं आली आणि त्यांचं सगळं जाणतेपण थेट नकाशावर उतरलं. आमच्या कामातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट हीच.

आता माझी चूक सांगते. गेल्या महिन्यात मी फासांचा नकाशा केला. नदीपलीकडे एकही ठिपका नव्हता, म्हणून तो भाग हिरवा रंगवून वर 'सुरक्षित' लिहिलं. एक वयस्क रेंजर बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "नदीला पूर आहे. आठ आठवडे तिकडे कोणी गेलेलंच नाही." मला घाम फुटला. त्या नकाशावरून गस्त आखली असती, तर पूर ओसरल्यावरही तिकडे कोणी फिरकलं नसतं.

तेव्हापासून मी आधी चाललेल्या वाटा नकाशावर घेते, मग फास. किती किलोमीटरमागे किती फास, हे काढते. १० किलोमीटरमध्ये दोन आणि १०० किलोमीटरमध्ये दोन, ठिपके सारखेच, पण धोका कितीतरी वेगळा. पाऊलच पडलं नाही तो भाग राखाडी ठेवते.

आणि गेंड्यांचे फोटो मागतेस ना, ते नाही पाठवणार. मोबाइलच्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. शिंगासाठी मारणाऱ्यांना तेवढं पुरतं. गेंड्यांच्या जागांचा नकाशा इथेही मोजक्याच लोकांना उघडतो. मलासुद्धा नाही, आणि ते योग्यच आहे.

नदी उतरलीय. उद्या पहाटे चौघं पलीकडे निघतायत, मीही जातेय. यंत्राच्या दोन्ही बॅटऱ्या चार्जिंगला लावल्यात. परतले की फोन करते.

बाबांना नमस्कार.

तुझी,
नंदा