मुलांना रमवायचं असेल तर आधी दिवे मालवा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘ग्लॅम्पिंग’वरचा, म्हणजे पलंग-गादी-बाथरूमसकट तंबूत राहण्यावरचा लेख वाचला. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्या पालकांसाठी त्यात दिवसभराचा कार्यक्रम दिला होता. सकाळी खजिन्याचा शोध, मग दगड रंगवणे, दुपारी बाहुल्यांचा खेळ, संध्याकाळी पडद्यावर सिनेमा आणि रात्री दिव्यांच्या माळांखाली नाच. वाचता वाचता मलाच धाप लागली. मी आयुष्यभर बालवाडीत शिकवलं, पण इतकं गच्च वेळापत्रक तिथेही कधी लावलं नव्हतं. आणि तिथे तर मुलांना आमच्याकडे सोडून पालक कामावर गेलेले असायचे!

ग्लॅम्पिंगला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. जमिनीवर सतरंजी टाकून झोपण्याचं माझ्या गुडघ्यांचं वय गेलं. शिवाय थाटाचे तंबू ही काही आजची फॅशन नाही. मुघल बादशहांच्या स्वाऱ्यांत तंबूंचे दोन संच असत. एकात बादशहाचा मुक्काम असताना दुसरा पुढच्या मुक्कामावर रवाना झालेला असे, म्हणजे पोचल्यावर ताटकळायला नको. त्या मानाने आपण फारच साधी माणसं. सुनेला पाठीचा त्रास आहे, नातू पाच वर्षांचा, नात तीनची. अशा कुटुंबाला उघड्यावर राहायचं असेल तर पलंग आणि जवळ संडास हवाच. मध्यरात्री ‘शू आली’ म्हणणाऱ्या तीन वर्षांच्या मुलीला घेऊन काळोखात लांब जाऊन बघा, म्हणजे कळेल.

माझी तक्रार उजेडाची आहे. आम्ही गेलो त्या ठिकाणी तंबूभोवती माळा, झाडांच्या बुंध्यांना खालून मारलेले हिरवे-निळे झोत आणि पायवाटेवर खांबाखांबावर पांढरे दिवे होते. सगळा परिसर सर्कशीच्या तंबूसारखा झगमगत होता. मुलं शहरात जे रोज बघतात तेच, फक्त कापडी भिंतींसकट. त्यातून ती कंटाळली, किरकिर सुरू झाली आणि त्यावर उपाय म्हणून व्यवस्थापनाने ध्वनिक्षेपक लावला. मुलं रमत नाहीत म्हणून गोंगाट वाढवायचा आणि गोंगाटामुळे रमण्यासारखं जे आहे तेही पळवून लावायचं, असं हे चाललं होतं.

दिवसा मुलांना रमवणं हा मुळात प्रश्नच नाही. पहिला अर्धा तास ती ‘काय करू, काय करू’ करतात. तेवढा अर्धा तास कळ काढावी. एक बादली, एक चमचा, थोडी दोरी आणि ‘त्या झाडापासून या दगडापर्यंत’ अशी हद्द दिली की पुरे. आमच्या नातवाने मुंग्यांच्या रांगेत आडवं बोट ओढलं आणि रांग तिथे येऊन गोंधळली. मुंग्या वासाच्या मागावर चालतात, बोटाने तो पुसला जातो, हे मी त्याला लगेच सांगितलं नाही. तो आणि त्याची बहीण बराच वेळ पालथे पडून बघत होते. मग तोच म्हणाला, “आजी, त्यांचा रस्ता पुसला गेला.” याच्या वर मला काय सांगायचं होतं?

रात्रीचं मात्र तसं नाही. रात्र मोठ्यांनी जपावी लागते, कारण एक दिवा लागला तरी ती संपते. उजेडातून काळोखात आल्यावर डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलचा पांढरा पडदा क्षणभर डोळ्यांसमोर आला की पुन्हा पहिल्यापासून. यावर सोपा तोडगा आहे. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीन कागद रबर लावून बसवायचा. काळोखात पाहणाऱ्या डोळ्यातल्या पेशींना लाल प्रकाश फारसा जाणवत नाही, त्यामुळे पायाखालचं दिसतं आणि सरावलेली नजरही जात नाही. कागद बसवण्याचं काम मुलांकडेच द्यावं. स्वतः तयार केलेला टॉर्च हातात असला की काळोखाची निम्मी भीती तिथेच जाते.

उरलेली निम्मी भीती घालवायची तर मुलांना उजेडातून एकदम काळोखात नेऊ नये. सूर्य मावळायच्या आधीच अंथरूण टाकून सगळ्यांनी बाहेर बसावं आणि बसूनच राहावं. काळोख हळूहळू होतो तेव्हा मुलं घाबरत नाहीत, पहिली चांदणी कोणाला दिसते यावर भांडतात. बालवाडीत दिवे गेले की जी मुलं रडायची, तीच अंगणात बसून संध्याकाळची रात्र होताना मजेत असायची. बटण बंद झाल्यावर होणारा काळोख आणि आपसूक उतरणारा काळोख यात त्यांच्या लेखी फार अंतर असतं.

आणि मग बघण्यासारखं किती! हिवाळ्यात मृग आणि कृत्तिका. कृत्तिकांच्या झुबक्यात किती तारे दिसतात हे प्रत्येकाने मोजायचं; बहुतेकांना सहा दिसतात, तीक्ष्ण नजरेला जास्त. उन्हाळ्यात सप्तर्षी. त्याच्या शेपटीतल्या तीन ताऱ्यांपैकी मधला वसिष्ठ, त्याला चिकटून बारीकशी अरुंधती. ती मला आता चष्म्यानेही नीट दिसत नाही, नातवाला दिसली. आजीला न दिसणारं आपल्याला दिसतं, या आनंदात त्याने ती सगळ्यांना ओढून ओढून दाखवली. सूर्यास्तानंतर लगेच किंवा पहाटे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकही दिसू शकतं. ते जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटर उंचीवरून जातं आणि दीड तासात पृथ्वीला एक फेरी घालतं. लुकलुकत नाही, विमानासारखी उघडझाप करत नाही, मोठ्या ताऱ्यासारखं सरळ निघून जातं. कुठून कधी दिसणार याच्या वेळा नासा देते, त्या आधी लिहून न्याव्यात. ‘त्यात आत्ता माणसं आहेत’ एवढं सांगितलं की मुलं हात हलवतात. आमच्या नातीने तर हाकही मारली.

तारे दिसले नाहीत, ढग आले, तर कान आहेत. रातकिड्यांत गातो तो नर, पंखावर पंख घासून. आणि त्यांचे कान पुढच्या पायांवर असतात. हे ऐकल्यावर आमच्याकडे दोन्ही मुलांनी गुडघे पुढे करून ‘ऐकायला’ सुरुवात केली. थंडी वाढली की किरकिर मंदावते. अ‍ॅमॉस डॉल्बेअर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १८९७ मध्ये त्यावरून तापमान काढायचं सूत्रच मांडलं होतं. प्रत्येक जातीच्या किड्याला ते लागू पडत नाही, पण संध्याकाळी आणि निजायच्या आधी पंधरा-पंधरा सेकंद मोजून फरक बघायला कोण अडवतंय? फक्त त्यासाठी शेजारच्या तंबूतलं गाणं बंद हवं.

आणखी एक खेळ असा की त्याला दिवाच लागतो. दोरीवर पांढरी चादर टाकायची, मागे टॉर्च धरायचा आणि थांबायचं. पतंग, तुडतुडे, भुंगे, कधी हिरवा नाकतोडा येऊन बसतो. किडे दिव्याकडे का येतात याचं एक चांगलं उत्तर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून मिळालं आहे. अतिवेगवान कॅमेऱ्यांनी टिपलं तेव्हा दिसलं की उडता उडता किडे आपली पाठ उजेडाकडे करतात. आकाश नेहमी वर असतं आणि जमिनीपेक्षा उजळ असतं, त्यावरून ते वर-खाली ओळखतात. माणसाचा दिवा बाजूला लागला की त्यांचं वर-खालीच चुकतं आणि ते त्याच्याभोवती घिरट्या घालत राहतात. म्हणून चादरीचा खेळ थोडा वेळच करावा आणि टॉर्च विझवून टाकावा, म्हणजे बिचारे आपापल्या वाटेने जातील. परिसरात आधीच पन्नास दिवे असतील तर तुमच्या चादरीवर कोण कशाला येईल? आमच्या चादरीवर एक डास आला.

‘दिवे सुरक्षिततेसाठी असतात’ असं मला तिथल्या व्यवस्थापकांनी सांगितलं. झाडाच्या शेंड्यावर मारलेल्या निळ्या झोताने कोणाची सुरक्षितता होते, ते त्यांनी सांगितलं नाही. वाटेवर उजेड हवा हे मान्यच. पण तो घोट्याच्या उंचीवर, वरून झाकलेला, पिवळसर आणि फक्त संडासापर्यंतच्या वाटेवर असला तरी चालतो. खऱ्या धोक्यांचं म्हणाल तर तंबूच्या ताणलेल्या दोऱ्या आणि खुंट्या, ज्यात धावणारी मुलं अडकून तोंडावर पडतात. त्या दोऱ्यांना मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर पांढऱ्या कापडाच्या चिंध्या बांधलेल्या मला कुठेच दिसल्या नाहीत. आम्हीच एक जुना पंचा फाडून बांधल्या.

त्याहून मोठा धोका म्हणजे थंडी वाजते म्हणून शेकोटीतले निखारे शेगडीत घालून तंबूत आणणं. विझत आलेले निखारेही कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सोडतात. त्याला ना वास ना रंग, आणि झोपलेल्या माणसाला जाग येईल याचा भरवसा नाही. कापडाचा तंबू आहे, हवा खेळती राहील, असं समजू नये. शेगडी तंबूत नको म्हणजे नको. मुलांना अंगावर दोन पांघरुणं घाला, पायांत मोजे घाला, हवं तर आजीजवळ झोपवा.

मूल हरवण्याची भीती पालकांना असतेच आणि त्यावर मला माहीत असलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट दिव्यांची नाही. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियात एक नऊ वर्षांचा मुलगा डोंगरात वाट चुकून दगावला. त्यानंतर शोधमोहिमेतल्या लोकांनी मुलांना एक साधी गोष्ट शिकवायला सुरुवात केली: वाट चुकली असं वाटलं की जवळचं झाड धरायचं आणि तिथेच थांबायचं. चालत राहिलेलं मूल शोधणाऱ्यांपासून लांब लांब जातं, थांबलेलं लवकर सापडतं. गळ्यात शिट्टी असावी आणि तीनदा फुंकली की ‘मदत’, हे पोचल्या पोचल्या दिवसाउजेडी खेळून घ्यावं. आमच्याकडे मुलांनी एवढ्या वेळा झाडं धरली की शेवटी शिट्ट्या काढून घ्याव्या लागल्या. जेवताना परत दिल्या.

जाण्याचा दिवस निवडताना पालक शनिवार-रविवार बघतात, चंद्र कोणीच बघत नाही. ऐन पौर्णिमेला संध्याकाळपासूनच चंद्र डोक्यावर चढू लागतो, तारे फिके पडतात. पौर्णिमेनंतर दोन-तीन दिवसांनी गेलात तर चंद्र साधारण दीड-अडीच तास उशिरा उगवतो. म्हणजे आधी तारे पाहून होतात आणि मग झोपाळलेल्या मुलांसमोर पिवळाजर्द चंद्र वर येतो, तेही तिकीट न काढता. हिवाळ्यात अंधार लवकर पडत असल्याने हे सगळं मुलांच्या झोपेच्या वेळेआधी उरकतं. उन्हाळ्यात उशीर होतो आणि किरकिर वाढते. फार लहान मुलांसाठी म्हणून मी हिवाळाच सुचवेन.

तेव्हा संपादक महोदय, एक विनंती. पुरवणीत अशा ठिकाणांची माहिती छापताना पोहण्याचा तलाव आहे का, वायफाय आहे का, हे आपण आवर्जून देता. त्याच्याच खाली दोन ओळी वाढवाव्यात: रात्री दिवे आणि ध्वनिक्षेपक किती वाजता बंद होतात, आणि त्या महिन्यात चंद्रोदय कधी. मालकांना हा प्रश्न आपल्या वार्ताहराने विचारला तर त्याचं वजन पडेल. मी विचारला तेव्हा त्यांनी मला कॉफी दिली आणि ‘मॅडम, लोकांना उजेडच लागतो’ असं सांगितलं.

आपली,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका