रकाना एक, साहित्य अनेक

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोकणातील हस्तकलांविषयी वृत्तपत्रांतून अलीकडे आवर्जून लिहिले जाते. सावंतवाडीची लाकडी खेळणी व गंजिफा (हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते), पिंगुळीची चित्रकथी (चित्रे दाखवत कथा सांगण्याची कला) ही नावे त्यामुळे दूरवर पोहोचली, याचे मला मनापासून समाधान आहे. मात्र या लेखनातून, आणि त्याहूनही अधिक सरकारी अर्जांतून व प्रदर्शनांच्या नियमांतून, एक वर्ग कायम सुटून जातो. कारागिराच्या घरात न जन्मलेले, कोणाच्या हाताखाली रीतसर न शिकलेले आणि घरच्या पडवीत बसून करवंटी, बांबू, पोफळीचे म्हणजे सुपारीच्या झाडाचे लाकूड, काथ्या, विरी (पोफळीच्या पानाचे देठाकडचे रुंद आवरण), कापडाचे तुकडे अशा अनेक प्रकारच्या साहित्यातून वस्तू घडवणारे असे हे लोक आहेत. मी त्यांतलीच एक असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि आमच्या दापोली तालुक्याच्या किनारपट्टीलाही त्याने झोडपून काढले. आमच्या आगरातील (नारळ-सुपारीच्या बागेतील) बहुतेक पोफळी त्या एका दुपारी आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून सुपारी हाती यायला सहा-सात वर्षे जातात, त्यामुळे त्या दिवशी घरात कोणी कोणाशी बोलत नव्हते. सासऱ्यांनी काही खोडे उभी चिरून पाण्यासाठी पन्हळी केल्या आणि उरलेली सरपणाला काढली. त्यांतले हातभर लांबीचे काही तुकडे मी बाजूला ठेवले. त्यांचे काय करायचे हे तेव्हा मला ठाऊक नव्हते, परंतु ज्या झाडांना सासूबाईंनी कळशीने पाणी घातले होते ती सगळीच चुलीत जावीत, हे मनाला पटत नव्हते.

त्या तुकड्यांतून वर्षभराने एक दिवा झाला. बैठक पोफळीची, वरचे झाकण करवंटीचे आणि दोन्हींना धरणारी दांडी बांबूची. पोफळीचे खोड आतून भुसभुशीत आणि कडेने अतिशय कठीण असते. त्या कडेत खिळा ठोकला की ती धाग्याच्या रेषेने सरळ फाटत जाते, म्हणून आधी सामत्याने (भोके पाडण्याच्या सुतारी अवजाराने) भोक पाडून त्यात बांबूची खुंटी बसवावी लागते, हे चार तुकडे वाया गेल्यानंतर कळले. करवंटीवरचे केस फुटक्या काचेने खरवडायचे, मग १२०, २२० आणि ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने क्रमाने घासायचे आणि शेवटी खोबरेल चोळायचे, म्हणजे आतला गर्द तपकिरी रंग वर येतो. जोड मात्र पहिल्याच पावसाळ्यात सुटला. दमट हवेत बैठक फुगली, करवंटी होती तशीच राहिली आणि मधल्या गोंदाने हात टेकले. तेव्हा गावातील जाळी दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी, ओढ बसेल तशी घट्ट होत जाणारी गाठ मला दाखवली. त्या गाठीने काथ्याची बांधणी केली. आज तो जोड किंचित हलतो, पण सुटत नाही.

बांबूच्या बाबतीतही असेच झाले. ऐन पावसाळ्यात तोडलेल्या बांबूची माझी पहिली टोपली सहा महिन्यांत भुंग्याने पोखरून पिठासारखी केली. पावसाळा संपल्यावर, अंधाऱ्या पंधरवड्यात बांबू तोडावा, असे शेजारच्या आजी सांगत. बांबूतील पिष्टमय अंश कमी असेल तेव्हा तो तोडला आणि काही दिवस वाहत्या पाण्यात ठेवला तर कीड कमी लागते, हे पुढे वाचनात आले. स्वतः शिकणे म्हणजे कोणाकडूनच न शिकणे नव्हे, हे मला येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. मी सुताराकडून, शिंप्याकडून, जाळी विणणाऱ्यांकडून शिकले. फक्त त्यांपैकी कोणीही माझा एकमेव गुरू नव्हता.

हाच दिवा घेऊन दोन वर्षांपूर्वी मी एका प्रदर्शनात गाळा मागायला गेले. अर्जात कलाप्रकाराचा एकच रकाना होता आणि मी तेथे ‘बांबूकाम’ लिहिले. मांडणीच्या दिवशी पाहणीस आलेल्या गृहस्थांनी, हे बांबूकाम नसल्याचे सांगून दिवा आणि करवंटीच्या वाट्या टेबलावरून उतरवायला लावल्या. त्यांनी नियमावर बोट ठेवले होते, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. पण दिवसभर तो दिवा टेबलाखाली पिशवीत होता, याचे वाईट आजही वाटते.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि सवलतीच्या दराने कर्ज ही तिची रचना उत्तम आहे, आणि पिढीजात कारागिरांचा त्यावरचा पहिला हक्क मला पूर्णपणे मान्य आहे. याच यादीत टोपल्या, चटया व झाडू बनवणारे आणि काथ्याचे विणकाम करणारे हे सर्व एकाच ओळीत घेतले आहेत, याकडे मी लक्ष वेधू इच्छिते. म्हणजे काम जवळचे असेल तर निरनिराळे साहित्य एका नावाखाली येऊ शकते, हे शासनाने स्वतःच मान्य केले आहे. मग स्थानिक प्रदर्शने, बचत गटांचे मेळावे आणि जिल्हा पातळीवरील नोंदणी यांत ‘मिश्र साहित्य’ असा एक रकाना का असू नये?

आपल्याकडे ही रीत नवीनही नाही. नारळाच्या झावळ्यांचे झाप विणणे, त्यांच्या पात्यांतल्या हिरांचा खराटा बांधणे, मातीची चूल घालणे आणि जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणे ही सगळी कामे कोकणातल्या घराघरांत तेच हात करत आले. राज्यात २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आल्यानंतर आमच्या वाडीतील मुलांनी गणपतीची मखरे बांबू, कागद, साड्या आणि विरी एकत्र करून उभी केली, आणि ती पाहायला लोक मुद्दाम घरी येत. त्या मुलांपैकी निदान दोघांच्या हातात असा गुण आहे की, योग्य अवजारे मिळाली तर ती यावर पोट भरतील. तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील लाकूड कापण्याचे व भोके पाडण्याचे यंत्र सुट्टीच्या दिवशी, शिक्षकाच्या देखरेखीखाली आणि माफक शुल्कात अशा मुलांना वापरू दिले, तर मोठा खर्च न करता बरेच साधेल.

आपल्या वृत्तपत्राने हा विषय संबंधितांपर्यंत पोहोचवावा, अशी विनंती आहे. गणेशोत्सवापूर्वीच्या प्रदर्शनांचे अर्ज लवकरच निघतील. त्याआधी निदान एका आयोजकाने तरी तो रकाना थोडा रुंद केला, तर यंदा दिवा टेबलावर ठेवता येईल.

आपली विश्वासू,
एक वाचक, ता. दापोली, जि. रत्नागिरी